जिवाणूंमध्ये नवं जनुक घालताना या चुका टाळा

एप्रिल आला की लातुरात एमएस्सीच्या मुलांचं ट्रान्सफॉर्मेशनचं (जिवाणूत बाहेरून मोकळा डीएनए घालण्याचं) प्रॅक्टिकल लागतं, आणि मला त्याच चुका पुन्हा बघाव्या लागतात.

सगळ्यात महागात पडते ती गरम आगरात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक ओतण्याची घाई. नवं जनुक नेणाऱ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावर, अ‍ॅम्पिसिलिनच्या प्रतिकाराचं जनुकही असतं, म्हणून प्लाझ्मिड न घेतलेल्या पेशी या औषधानं मरायला हव्यात. एका वर्षी दुपारी लाइट गेली, बर्फ वितळत चालला, आणि एका मुलाला पाचची एसटी गाठायची होती. ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या आगरात त्यानं लगेच अ‍ॅम्पिसिलिन टाकलं. सकाळी प्लेट कॉलन्यांनी (जिवाणूंच्या ठिपक्यांनी) भरलेली, पोरं खूश. मी विचारलं, "डीएनए न घातलेल्या पेशींची प्लेट कुठंय?" केलीच नव्हती. उरलेल्या प्लेटवर साध्या पेशी पसरल्या, तर त्याही तशाच उगवल्या. उष्णतेनं औषध मेलं होतं. तीन दिवस गेले, प्लाझ्मिडची शेवटची कुपीही संपली. आगर ५० अंशांच्या आसपास येऊ द्या. मी फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघते. सोसवला तरच औषध, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. एप्रिलमध्ये आपल्याकडे खोलीच चाळिशीला टेकलेली असते, आगर निवायला वेळ लागतो. थांबा. आणि डीएनए न घातलेल्या पेशींची कंट्रोल प्लेट नसेल तर तुमच्या कॉलन्या मी मोजणार नाही.

डीएनए पेशीत शिरावा म्हणूनचा ४२ अंशांचा हीट शॉक 'अंदाजे' देऊ नका, घड्याळ लावा. त्यानंतर ३७ अंशांवर तासभर पेशींना सावरू द्या. प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. हा तास वाचवणाऱ्यांना कॉलन्या कमी मिळतात आणि ते दोष प्लाझ्मिडला देतात.

प्लेट दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये विसरू नका. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे प्रतिकाराचं प्रथिन आजूबाजूचं अ‍ॅम्पिसिलिन तोडतं, मग खसखशीसारख्या बारीक कॉलन्या उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. मी सोळा-अठरा तासांत प्लेट काढतेच.

दुसरं माझं जुनं दुखणं म्हणजे लॅक ओपेरॉन, लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट. 'लॅक्टोज आलं की जनुकं सुरू', एवढंच पाठ करतात. १९६१ मध्ये जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडलेलं मॉडेल आणि त्यात पुढे पडलेली भर याहून सुंदर आहे. रिप्रेसरला (ओपेरॉन बंद ठेवणाऱ्या प्रथिनाला) खरा हलवतो तो लॅक्टोजपासून बनणारा अ‍ॅलोलॅक्टोज, आणि तो बनवायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज लागतं, म्हणजे त्याच ओपेरॉनचं एन्झाइम! ओपेरॉन बंद असतानाही थोडं एन्झाइम झिरपत असतं, म्हणून हे जमतं. शिवाय ग्लुकोज भरपूर असेल तर सीएएमपी (पेशीतला निरोप देणारा रेणू) घटतो, जनुकांना जोर देणारं कॅप प्रथिन प्रमोटरजवळ (जनुकं वाचायला सुरुवात होते तिथं) बसत नाही, आणि लॅक्टोज आत घेणंही रोखलं जातं. निळ्या-पांढऱ्या कॉलन्यांच्या (बीटा-गॅलॅक्टोसिडेज असेल तिथंच निळा रंग येणाऱ्या) प्लेटमध्ये ग्लुकोज टाकून "निळा रंग का येत नाही मॅडम?" विचारणाऱ्यांना मी आधी हेच फळ्यावर काढायला लावते.

जिवाणूत जनुक शिरायच्या तीन वाटा: ट्रान्सडक्शन फाजमार्फत (जिवाणूंवरच्या विषाणूमार्फत), कॉन्जुगेशन पेशीला पेशी भिडून, ट्रान्सफॉर्मेशन मोकळ्या डीएनएतून. उत्तरपत्रिकेत यांची अदलाबदल करू नका.

वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नका. त्या प्लाझ्मिडवर प्रतिकाराचं जनुक आहे.