ॲक्टिन अक्षतंतूच्या टोकाशीच तयार होते का, हे कसे तपासावे

वाढत्या चेतापेशीच्या अक्षतंतूचे टोक, म्हणजे ग्रोथ कोन, नेट्रिनसारख्या संकेतांनुसार वळते. त्यासाठी लागणाऱ्या बीटा-ॲक्टिनचा, म्हणजे पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाचा, काही भाग तिथेच घडतो. त्याच्या एमआरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना वाहणाऱ्या रेणूच्या, शेपटीकडे ५४ न्यूक्लिओटाइडांचा 'झिपकोड', म्हणजे पत्ता सांगणारा भाग, असतो. झेडबीपी१ हे प्रथिन त्याला धरून राहते आणि वाटेत प्रथिननिर्मिती सुरू होऊ देत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर सार्क हे एन्झाइम झेडबीपी१ च्या ३९६ व्या जागेवरील टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडते, तेव्हा ही पकड सैल होते.

प्रथम फ्लुरोसंट शोधकांनी हा एमआरएनए टोकाशी आहे की नाही, ते पाहावे. मात्र एमआरएनए दिसला म्हणजे प्रथिन तिथेच बनले, असे मुळीच समजू नये. पेशीपिंडात बनलेले प्रथिनही अक्षतंतूतून वाहत येते. म्हणून पेशी अशा सूक्ष्म कप्प्यांत वाढवाव्यात, की अरुंद चरांतून अक्षतंतू पलीकडे जातील, पण पेशीपिंड जाणार नाहीत, किंवा अक्षतंतू सरळ पेशीपिंडापासून तोडावेत. २००१ मध्ये कॅम्पबेल आणि होल्ट यांनी झेनोपस बेडकाच्या दृष्टिपटलातील पेशींवर दाखवले, की तुटलेले अक्षतंतूही नेट्रिनला प्रतिसाद देतात आणि प्रथिननिर्मिती रोखली की तो प्रतिसाद नाहीसा होतो.

पुढची पायरी प्युरोमायसिनची, आणि घाईत सर्वाधिक चुका इथेच होतात. हा रेणू बनत असलेल्या प्रथिनाच्या साखळीला चिकटतो आणि तिला रायबोसोमपासून, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेपासून, सोडवतो; अशा साखळ्यांवर त्याची खूण राहते. सुटलेल्या साखळ्या इकडेतिकडे पसरत असल्याने तो मोजकी मिनिटेच, केवळ अक्षतंतूंच्या कप्प्यात द्यावा. तिथल्या द्रवाची पातळी पेशीपिंडांच्या बाजूपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे औषध उलट दिशेने झिरपणार नाही. शेजारी आधी प्रथिननिर्मिती थांबवणारे ॲनिसोमायसिन दिलेला नमुना असावाच. त्यातही खूण तितकीच उजळ दिसली, तर ती खूण विश्वासार्ह नाही. नवी साखळी ॲक्टिनचीच आहे हे ठरवण्यासाठी प्युरोमायसिन आणि ॲक्टिनच्या सुरुवातीचा भाग ओळखणारी प्रतिपिंडे एकत्र वापरून ती दोन्ही अगदी जवळ असतील तिथेच संकेत उमटेल, अशी पद्धत निवडावी.

झेडबीपी१ चा सहभाग तपासताना ते प्रथिनच काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण जीएपी-४३ या प्रथिनाच्या एमआरएनएसह इतर एमआरएनएही त्यावर अवलंबून असतात. त्यापेक्षा झिपकोड बदललेला ॲक्टिन एमआरएनए, किंवा ३९६ व्या जागी टायरोसिनऐवजी फेनिलॲलॅनिन असलेले झेडबीपी१, जे फॉस्फेट घेऊ शकत नाही, वापरून टोकाशी होणारी निर्मिती मोजावी.