होमस्कूलिंगमधला उन्हाळा: वाचन, निसर्ग आणि माणसं – या चुका टाळा

उन्हाळ्याची आखणी पहिल्या आठवड्यात जोरात चालते आणि तिसऱ्या आठवड्यात बारगळते. मूल कंटाळलं असं म्हणण्याआधी आखणी तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाचन, निसर्ग आणि लोकांमध्ये मिसळणं हे तीन वेगळे विषय धरून प्रत्येकाला रोजचा तास ठरवून देणं. मग घरातच शाळेचं वेळापत्रक उभं राहतं. त्याऐवजी दोन आठवड्यांसाठी एकच धागा पकडा. समजा, मुंग्या. रात्री मुंग्यांवरचं पुस्तक, सकाळी भिंतीवरची रांग, आणि बागकाम करणाऱ्या शेजाऱ्यांना विचारायचे चार प्रश्न. रांग चालू असताना ओलं बोट तिच्या वाटेवर आडवं फिरवायला सांगा. मुंग्या त्या रेषेशी येऊन थबकतात, गोंधळतात, काही मागे फिरतात. थोड्या वेळाने वाट पुन्हा जुळते. वाटेवरचा गंध पुसला गेल्यामुळे हे घडतं, पण कारण लगेच सांगून टाकू नका. मुलाने दोन-तीन अंदाज बांधले की पुस्तकातलं उत्तर त्याला स्वतःचं वाटतं.

पुस्तकं मोजणं

‘सुट्टीत 30 पुस्तकं’ असं लक्ष्य ठेवलं की मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात. पुस्तकं नव्हे, वेळ ठरवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वाचनासाठी 15 ते 20 मिनिटं पुरतात; आणखी तेवढाच वेळ तुम्ही वाचून दाखवा. पुस्तक झेपेल का हे बघायला एक पान वाचायला द्या आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायला सांगा. पाचही बोटं मिटली तर एकट्याने वाचायला ते सध्या जड आहे. पण तेवढ्यासाठी ते पुस्तक कपाटात ठेवून देऊ नका. तेच मोठ्याने वाचून दाखवा. लहान मुलांना वाचून जेवढं कळतं, त्याहून बरंच जास्त ऐकून कळतं. प्रत्येक धड्यानंतर प्रश्नोत्तरं नकोत. ‘काल कुठे थांबलो होतो?’ एवढं विचारलं तरी किती समजलं ते कळतं.

निसर्गाची वही चित्रकलेची वही होते

‘छान चित्र काढ’ म्हटलं की मूल समोरचं पान न बघता डोक्यातलं पान काढतं. आधी मोजायला लावा: पानाची लांबी किती, कडेला दाते आहेत का, शिरा समोरासमोर फुटतात की आलटून पालटून. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, जागा आणि हवामान हवंच. त्याशिवाय दोन नोंदींची तुलना होत नाही. शाईचं पेन नको, थेंबभर पाण्याने अक्षरं पसरतात. साधी पेन्सिल उत्तम. रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकाच झाडाखाली आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं बसा. बदल तिथेच दिसतो.

‘भिंगातून काही दिसत नाही’ ही तक्रार नेहमीची. दहापट भिंग हात लांब करून धरलं तर सगळं धूसरच दिसणार. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू हळूहळू जवळ आणायची. साधारण अडीच सेंटिमीटरवर ती स्पष्ट होते. भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे बाहेर पडण्याआधीच सांगा. बाहेर जायची वेळही सावलीवरून ठरवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे, आडोशाला या.

बिया कुजल्या

कापूस पाण्यात बुडवून त्यावर बी ठेवली की तिला हवा मिळत नाही आणि ती कुजते. घेवड्याच्या 10 बिया 8 ते 10 तास भिजवा. काचेच्या बरणीत आतून टिपकागद लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये बिया अडकवा आणि तळाशी फक्त 1 सेंटिमीटर पाणी ठेवा. कागद पाणी वर ओढतो, पण बिया पाण्याच्या वरच राहिल्या पाहिजेत. एकच बी लावू नका. ती उगवली नाही तर प्रयोगच संपतो. मूळ दोन सेंटिमीटर झालं की पाणी ओतून टाका, कागद ओला ठेवा आणि बरणी आडवी करा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक खाली वळलेलं असतं. हे मुलांना नुसतं सांगून भागत नाही, बघू द्यावंच.

माणसांकडे तयारीशिवाय जाणं

आजी-आजोबांना ‘तुमचं लहानपण कसं होतं?’ विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न हाताला लागेल असा हवा: शाळेत कसे जायचात, दप्तरात काय असायचं, पाणी कुठून यायचं? आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा. पाऊण तासात उठा.

वाचनालय किंवा सफाई मोहिमेत मुलाला नुसतं सोबत नेऊ नका, त्याच्या नावावर एक काम द्या: पुस्तकं क्रमाने लावणं, किंवा कचऱ्याच्या प्रकारांची गणती. हातमोजे घालूनही काच आणि सुया मुलांनी उचलायच्या नाहीत, तिथे मोठ्यांना हाक मारायची. आणि ज्यांनी माहिती दिली, त्यांच्याकडे मुलाने लिहिलेल्या पानाची एक प्रत पोचवा. त्यातल्या चुका तेच दुरुस्त करून देतात.