दुसरा ऑसिलेटर जोडला की सूर उतरायचा

युरोरॅकमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल जोडून केलेल्या माझ्या सिंथेसायझरमध्ये, दुसरा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं मॉड्यूल) आला आणि माझी झोपच उडाली. पहिला एकटा असताना चार सप्तकं नीट वाजायचा. साध्या मल्टिपलमधून (एका सिग्नलच्या अनेक वाटा करणारा जोड) तोच सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज) दोघांना दिला, की खालचा सा जुळायचा आणि वरचा सा चांगलाच उतरायचा. दोन संध्याकाळी ट्रिमर (सूर जुळवायचे छोटे स्क्रू) फिरवण्यात गेल्या.

शेवटी मल्टिमीटर लावला. सीव्ही पाठवणारा सिक्वेन्सर मोकळा असताना ४.०० व्होल्ट, एक ऑसिलेटर जोडल्यावर ३.९६, दोन्ही जोडल्यावर ३.९२! सिक्वेन्सरच्या आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर, प्रत्येक ऑसिलेटरचं इनपुट १०० किलोओहमचं. व्होल्टेज वाटेतच गळत होतं. सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिव्होल्ट गेले की ४८ सेंट गेले (अर्ध्या सुरात १०० सेंट). अर्ध्या सुराच्या जवळपास निम्मं! ट्रिमर बिचारे निर्दोष होते.

मग टीएल०७२ ही ऑप-अँप चिप वापरून व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा सर्किट बोर्ड) बफर केला, म्हणजे व्होल्टेज न गळता पुढे देणारं सर्किट. इथे एक गोष्ट महत्त्वाची: बफरच्या आउटपुटचा १ किलोओहम फीडबॅकच्या (आउटपुट परत चिपच्या इनपुटला नेणाऱ्या वाटेच्या) आत घ्या, बाहेर ठेवलात तर तीच गळती पुन्हा. पॉवर केबलची लाल पट्टी उणे १२ व्होल्टकडेच आहे ना, हे दोनदा बघा.

आता दोन्हीकडे ४.०० येतात. ट्रिमर पुन्हा लावले आणि काल रात्री वरचा सा लागला, अगदी चिकटून.