द्राक्षबागेतल्या सेन्सरचं भलतंच रीडिंग, सीआरसी तपासून सुटलं

दिंडोरीकडे मामांच्या द्राक्षबागेत तापमान-आर्द्रतेचे सेन्सर आहेत, मॉडबसवाले (यंत्रांनी वायरवरून एकमेकांना आकडे पाठवायची एक ठरलेली पद्धत), लांब वायरने कंट्रोलरला जोडलेले, आणि पाण्याची मोटर चालू झाली की मधूनच तापमान ८० अंशाच्या वर दिसायचं. डाउनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी याच आकड्यांवर ठरते, त्यामुळे असलं चालवून घेण्यासारखं नाहीच.

कोड उघडला तर प्रत्येक मेसेजच्या शेवटी येणारे सीआरसीचे (मेसेज वाटेत बिघडला का हे ओळखायच्या तपास-आकड्याचे) २ बाइट सेन्सरसोबत आलेला प्रोग्राम तपासतच नव्हता, सरळ टाकून द्यायचा. आता नुसती बाइटची बेरीज का नाही पुरत, तर दोन बाइटची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. सीआरसी म्हणजे अख्ख्या मेसेजला एका ठरलेल्या भाजकाने भागून उरलेली बाकी, १६ बिटची असली की सलग १६ बिटपर्यंतचा बिघाड हमखास पकडते, मला हे फारच भारी वाटतं.

मॉडबससाठी सुरुवात हेक्समधल्या (१६ च्या पद्धतीतल्या) एफएफएफएफ पासून, त्या आकड्याशी बाइट एक्सॉर करायचा (बिट वेगळे तर १, सारखे तर ०), मग आकडा ८ वेळा एकेक बिट उजवीकडे शिफ्ट, दर वेळी बाहेर पडलेला बिट १ असेल तर ए००१ शी एक्सॉर, असं प्रत्येक बाइटला. सीआरसीचा खालचा बाइट आधी येतो, रीडिंगचा मात्र वरचा आधी, इथे नीट बघा. ते २ बाइट धरून अख्ख्या मेसेजवर हिशेब चालवला आणि उत्तर ० आलं तर मेसेज बरोबर.

० नाही आलं की कंट्रोलर ते रीडिंग फेकून परत मागवतो. वायरपण मोटरच्या केबलपासून लांब घेतली, पीळ दिलेली जोडी, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. ८० अंश काही परत दिसले नाहीत.