पाव किलो मटकी, चार दुपारची जेवणं

घरून काम करताना एक वाजतो, पुढची मीटिंग दीडची असते आणि मग ॲपवरून थाळी मागवली जाते. त्या एका थाळीपेक्षा कमी पैशांत पाव किलो मटकी येते.

१. शुक्रवारी रात्री मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा. मुंबईच्या दमट हवेत रविवारी सकाळपर्यंत छान मोड येतात.

२. कुकरची शिटी काढून आठ-दहा मिनिटं वाफवा. दाणा बोटाने दाबला की मऊ लागावा, पण फुटू नये. चाळणीत पूर्ण कोरडी होऊ द्या आणि चार डब्यांत भरा. दोन डबे फ्रिजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये.

३. सोमवारी कांदा-टोमॅटो, गोडा मसाला घालून उसळ आणि खालच्या बेकरीतले पाव. मंगळवारी मटकी भात. बुधवारचा डबा आदल्या रात्रीच फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. त्यात कुरमुरे, कांदा, लिंबू, वरून शेव, म्हणजे दहा मिनिटांत भेळ. गुरुवारी उरलेली मटकी ठेचून भाजणीत मळा आणि थालीपीठ लावा. मला सगळ्यांत आवडतं ते हेच. कडेने तेल सोडलं की मटकीचे दाणे खमंग भाजले जातात, सोबत फक्त दही पुरतं.

पुढच्या आठवड्यात मूग किंवा चवळी घ्या.

पावसाळ्यात फडक्यातली मटकी लवकर आंबते. मोड चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरायचा मोह नको, सरळ टाकून द्या.