ॲडव्हान्स देण्याआधी गादी उचलून बघा

बेळगावात बसस्टँडजवळ किंवा सौंदत्तीच्या यात्रेला जाताना स्वस्त लॉज घेणार असाल, तर पैसे देण्याआधी किल्ली मागून खोली बघाच. आधी गादीचा कोपरा उचला आणि शिवणीवर मोबाइलचा टॉर्च मारा. शाईसारखे काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत असंच समजा. चादर बदलून भागत नाही, ते शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत लपतात. खोली बदलून घेताना लगतची नको; भिंतीच्या फटींतून ते पलीकडे जातात. बॅग पलंगावर ठेवू नका. गरम पाणी सोलरचं आहे का, हेही विचारा. इथल्या पावसाळ्यात दिवसदिवस ऊन पडत नाही, तेव्हा गिझर तरी हवा, नाहीतर तापवलेल्या पाण्याची बादली. आतली कडी स्वतः लावून बघा.