ब्रिटनमध्ये इमिग्रेशन सल्लागार व्हायचंय? आधी दिवस मोजायला शिका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "ताई, माझा आयएलआर (कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज) मीच भरला, नवऱ्याचा भरला, शेजारणीचाही भरला. सगळे पास झाले. आता हेच काम का करू नये?" करा की. पण घरच्या चौघांचा स्वयंपाक जमला म्हणून लगेच खानावळ काढत नाहीत. पास झालेले ते तिन्ही अर्ज सरळ होते. सरळ अर्जाला सल्लागार लागतोच कशाला?

आधी एक गैरसमज काढून टाका. शनिवार-रविवारचा कोर्स केला, रंगीत सर्टिफिकेट मिळालं आणि झालो सल्लागार, असं इथे चालत नाही. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे, नोंदणी नसताना ब्रिटनमध्ये व्यवसाय म्हणून इमिग्रेशनचा सल्ला देणं बेकायदा आहे. कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "पण मी पैसे घेत नाही" हे उत्तर पुरत नाही, कारण नफा असो वा नसो, असं कायद्यातच लिहिलंय. मावसबहिणीला चहा पिताना चार शब्द सांगणं वेगळं. मंडळाच्या हॉलमध्ये टेबल मांडून दर रविवारी लोकांचे व्हिसा बघणं वेगळं. दुसरं करणारे बरेच भले लोक मला माहीत आहेत. त्यांच्या भलेपणाबद्दल शंका नाही, पण टेबल उचला.

सॉलिसिटर, बॅरिस्टर वगैरेंवर त्यांच्या त्यांच्या संस्थांचं नियंत्रण असतं. बाकीच्यांची नोंदणी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे होते. जुने लोक अजून ओआयएससी म्हणतात, कारण जानेवारी २०२५ पर्यंत तेच नाव होतं. (पुण्यात बसून ब्रिटनच्या व्हिसाचं दुकान चालवणाऱ्याला ही नोंदणी लागत नाही. म्हणूनच इथे पोचलेल्या मुलांच्या निम्म्या रडकथा तिथून सुरू होतात.)

लेव्हल निवडा

तीन लेव्हल आहेत. पहिलीत नियमांच्या चौकटीत बसणारे साधे अर्ज. दुसरीत गुंतागुंतीच्या केसेस, आश्रय, मुदत उलटून राहिलेले लोक, नियमांबाहेरच्या विनंत्या. तिसरीत ट्रायब्युनलपुढे उभं राहून अपील लढवायचं. एकदम दुसरीवर उडी मारू नका. पहिलीत दोन वर्षं फायली हाताळल्या की दुसरीचा अभ्यास अर्धा झालेला असतो.

संस्था शोधा

नोंदणी संस्थेमार्फत होते. एक तर आधीच नोंदणी असलेल्या ठिकाणी शिरा, नाहीतर स्वतःची फर्म काढून अर्ज करा. माझं ठाम मत: आधी एखाद्या धर्मादाय सल्ला केंद्रात बिनपगारी का होईना, सहा महिने बसा. फोन घ्या, फोटोकॉपी काढा, फायली लावा. फी न घेणाऱ्या संस्थांना नोंदणीचं शुल्क पडत नाही, म्हणून त्यांना नवीन माणूस घ्यायला जड जात नाही. तिथे जे कानावर पडतं ते कुठल्याही कोर्सच्या पीडीएफमध्ये नसतं.

वाचन

इमिग्रेशन रूल्स सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. तेच वाचा. नोट्स विकत घेऊ नका, छापून येईपर्यंत त्या शिळ्या होतात. पहिल्या लेव्हलसाठी व्हिजिटर, स्टुडंट, स्किल्ड वर्कर, कुटुंबासाठीचं अपेंडिक्स एफएम, ईयू नागरिकांसाठीची योजना आणि अर्ज नाकारण्याची कारणं एवढं तरी पाठीशी हवं. मी पाठांतर म्हणत नाही. डोळे मिटून "पैशाचं कलम कुठे?" विचारलं तर बोट बरोबर पानावर गेलं पाहिजे. सोबत ऑथॉरिटीची आचारसंहिता वाचा. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतात आणि लोक तिथेच आळस करतात.

आणि आता खरी अडचण: तारखा

पहिल्या वेळी मी नोंदणीसाठीच्या परीक्षेत नापास झाले. परीक्षा ओपन बुक होती, तरी. किंबहुना म्हणूनच. पुस्तक उघडं आहे म्हटल्यावर मी नियम शोधत बसले आणि प्रश्नातल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं.

लेखी प्रश्नात एक गोष्ट दिलेली असते. तशीच एक मी रचून सांगते. नाशिकची मुलगी, स्टुडंट व्हिसासाठी अर्ज करायचाय. पैसे वडिलांच्या खात्यात. १ जूनला पुरेशी रक्कम जमा. २० जूनला धाकट्या भावाच्या अ‍ॅडमिशनसाठी त्यातले काढले, शिल्लक हव्या त्या रकमेखाली गेली. २५ जूनला वडिलांनी पुन्हा भरून ठेवली. बँकेचं स्टेटमेंट १५ जुलैपर्यंतचं. अर्ज १६ जुलैला करू का, असं ती विचारते.

अशा प्रश्नावर मी तेव्हा काय लिहिलं असतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण तसंच लिहून आले होते. स्टुडंट मार्गाला ७० गुण लागतात, ५० कॉलेजच्या कॅसचे (प्रवेश दिल्याचा दाखला), १० पैशाचे, १० इंग्रजीचे. मग वडिलांचं संमतिपत्र हवं, जन्मदाखला हवा. दीड पान, सुंदर अक्षर. सगळं खरं, आणि विचारलेलं त्यातलं काहीच नाही.

विचारलंय ते बोटांवर मोजायचं होतं. पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. २० जूनला साखळी तुटली, म्हणजे १ जूनपासूनचे दिवस पाण्यात. नवी मोजणी २५ जूनपासून. जूनचे ६ आणि जुलैचे १५, झाले २१. सात कमी. अठ्ठाविसावा दिवस २२ जुलै. तोपर्यंतचं स्टेटमेंट घ्या आणि त्यानंतर ३१ दिवसांच्या आत, म्हणजे २२ ऑगस्टपर्यंत, अर्ज करा. मधे कुणाचीही अ‍ॅडमिशन आली तरी त्या खात्याला हात लावू नका. उत्तर एवढंच. सहा ओळी.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि अजून सोडलेली नाही. कुठलीही केस आली, की आधी कोरा कागद आडवा धरायचा आणि मधोमध एक रेघ मारायची. रेघेच्या वर माणूस: कधी आला, कधी गेला, लग्न कधी, नोकरी कधी बदलली. रेघेखाली कागद: कुठली लीव्ह (राहण्याची परवानगी) कधीपासून कधीपर्यंत, अर्ज कधी गेला, स्टेटमेंट कोणत्या तारखेचं. ही रेघ पूर्ण होईपर्यंत नियम उघडायचे नाहीत. परीक्षेतही नाही. शेजारचा खसाखसा लिहीत सुटला तरी आपण रेघ मारत बसायचं.

रेघ मारली की तीन गोष्टी आपोआप दिसतात.

पहिली, लीव्ह आणि अर्ज यांच्यामधली फट. लीव्ह १० तारखेला संपते आणि अर्ज ८ ला गेला, तर निर्णय तीन महिन्यांनी आला तरी माणूस कायदेशीर राहतो. १९७१ च्या इमिग्रेशन अ‍ॅक्टमधलं कलम ३सी त्याला सांभाळतं. अर्ज १२ ला गेला, तर तो ओव्हरस्टेयर. चार दिवसांचा फरक, पण सगळी केस बदलते. आणि ३सी वर असताना दर ऑगस्टला हमखास येणारा प्रश्न: "गणपतीला आठवडाभर घरी जाऊन येऊ?" नाही. ब्रिटनमधून केलेला अर्ज चालू असताना देश सोडला की तो मागे घेतला असं धरतात. मोदक इथेच करा.

दुसरी, गैरहजेरी. पाच वर्षांनी आयएलआर मागणाऱ्या स्किल्ड वर्करने कुठल्याही १२ महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर काढलेले नसावेत. "कुठल्याही" हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. जानेवारी ते डिसेंबर नाही, एप्रिल ते मार्चही नाही. बारा महिन्यांची खिडकी सरकवत सरकवत बघायचं. निघाला तो दिवस आणि परतला तो दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच मोजतात. वडिलांच्या आजारपणात एक चक्कर ऑक्टोबरात आणि एक मार्चमध्ये झालेली असते. कॅलेंडर वर्षाने मोजलं तर सगळं ठीक वाटतं, खिडकी सरकवली की १९४ निघतात.

तिसरी, कोणत्या दिवशीचा नियम. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. नियम वर्षातून अनेकदा बदलतात आणि प्रत्येक बदलपत्रकात "या तारखेआधीच्या अर्जांना जुना नियम" असं एक वाक्य लपलेलं असतं. नवऱ्याला किंवा बायकोला आणण्यासाठी लागणारं उत्पन्न २०१२ पासून १८,६०० पौंड होतं, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झालं. स्किल्ड वर्करचा सर्वसाधारण पगार ३८,७०० होता, २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. पण आधीपासून त्या मार्गावर असलेल्यांना वेगळी सवलत असू शकते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगणारे नवा आकडा सांगतात, ही सवलत सांगत नाहीत.

स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर राहणारी बरीच गोव्याची मंडळी आहेत. त्यांच्यातल्या एक बाई म्हापशाला आईच्या दुखण्यात आठ महिने अडकल्या. प्री-सेटल्ड स्टेटस (ईयू नागरिकांना मिळणारी तात्पुरती परवानगी) होतं, सेटल्ड म्हणजे कायमची मिळणार नाही म्हणून कुणीतरी घाबरवून सोडलेलं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर नको, या जुन्या नियमाने ती भीती अनाठायी नव्हती. पण जुलै २०२५ मध्ये प्री-सेटल्डवाल्यांसाठी दुसरी वाट उघडली: मागच्या ६० महिन्यांत मिळून ३० महिने ब्रिटनमध्ये असणं. कागद आडवा धरला, रेघ मारली, चाळिसाच्या वर महिने निघाले. बाईंनी तो कागदच मागून घेतला. मी फोटोकॉपी दिली, मूळ फाइलला लावला.

कुठे थांबायचं

नाशिकच्या मुलीच्या गोष्टीला परीक्षक आणखी एक ओळ जोडतात, बहुधा शेवटी आणि अगदी सहज: "२०२२ मध्ये तिचा व्हिजिटर व्हिसा खोट्या बँक कागदामुळे नाकारला होता." आता २८ दिवसांचा हिशेब बाजूला ठेवा. अर्जात फसवणूक सिद्ध झाली असेल तर दहा वर्षांची बंदी लागू शकते, आणि ही पहिल्या लेव्हलची केस राहिली नाही. अचूक उत्तर असं: तिला स्पष्ट सांगा की हे माझ्या अधिकारात नाही, वरच्या लेव्हलच्या सल्लागाराकडे किंवा सॉलिसिटरकडे पाठवा, आणि पाठवल्याची नोंद फाइलला ठेवा. इथे हुशारी दाखवायला गेलात तर गुण जातात. खऱ्या कामात नोंदणी जाते. मराठी माणसाला "मला हे येत नाही" म्हणायला फार जड जातं, मलाही जायचं. आरशासमोर उभं राहून म्हणायची सवय करा.

म्हणून प्रश्न नेहमी शेवटच्या ओळीपासून वाचा.

परीक्षा, नोंदणी

परीक्षेत काय जवळ ठेवता येतं ते त्या वेळच्या सूचनांमध्ये बघा, मित्राला विचारू नका. नोंदणीच्या अर्जाला गुन्हेगारी नोंदीची तपासणी आणि व्यावसायिक विमा लागतो. कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

पहिली फाइल

क्लायंट समोर बसला की आधी पत्र द्या: काय काम करणार, काय करणार नाही, फी किती, तक्रार कुणाकडे करायची. सही घ्या. ओळखीचा आहे, गावचा आहे, म्हणून हे सोडू नका. गावच्याच माणसाबरोबर फीवरून सगळ्यात कडू भांडणं होतात. मग प्रत्येक भेटीची आणि फोनची टिपण त्याच दिवशी लिहा. तो काय म्हणाला, मी काय सांगितलं, कोणत्या तारखेच्या नियमावरून सांगितलं. आठवड्याने लिहिलेली टिपण म्हणजे आठवणीतली गोष्ट, आणि ती आपल्याच बाजूने झुकते.

फाइलच्या पहिल्या पानावर ती आडवी रेघ लावा. क्लायंटला दाखवा आणि विचारा, "यात काही राहिलं का?" बहुतेक वेळा राहिलेलं असतं. मागच्या महिन्यात एकाला दाखवली, तर तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, मधे दुबईला चार महिने नोकरी केली होती, ते सांगायचं राहिलं." नवा कागद घेतला.